भोंगा आणि मागणीचा नियम

समोरचा काय बोलतोय त्यातलं अक्षरही कळलेलं नसताना तुम्ही कधी मान डोलावली आहे का? खरं सांगा, इथे कुणी बघत नाही. बँकेत, दवाखान्यात, मोबाईलच्या दुकानात, मुलाच्या मास्तरांसमोर? डोलावली असेल तर तुम्ही आमचेच, पुढे वाचा. नसेल डोलावली, तर तुम्ही एक तर महापंडित आहात नाही तर भोंगा.

भोंगा म्हणजे आमच्या वस्तीतली शिलाईवाली. शब्द पुल्लिंगी, बाई स्त्रीलिंगी. व्याकरणाला काय करायचं ते करू दे, तिच्यापुढे आजवर कुणाचंच चाललेलं नाही. खरं नाव तिच्या नवऱ्यालासुद्धा जरा थांबून आठवावं लागतं. हातात कायम तो पांढरा भोंगा, तोंडाशी तडा गेलेला, तड्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी. मोर्चा असो, नळावरचं भांडण असो, नाही तर कुणाची हरवलेली शेळी असो, आधी त्याची खरखर ऐकू यायची आणि मागून ती.

सकाळी शिलाई, दुपारनंतर समाजकार्य. पँटची चेन बदलणं आणि वस्तीचा अधिकारी बदलणं ही दोन्ही कामं ती सारख्याच सफाईने करायची, आणि दोन्हींत दात वापरायची. शाळा लहानपणीच सुटलेली, पण वाचनाचं वेड. रद्दीत आलेलं वर्तमानपत्र, कायद्याची पुस्तकं, सरकारी परिपत्रकं, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, काहीही. बारावीसुद्धा बाहेरून बसून केली. ती स्वतःच्या हिमतीवर शिकली होती आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे.

मग एकदा गटाराच्या कामासाठी ती एका साहेबाच्या टेबलावर हात आपटत उभी होती. साहेबाने चष्मा पुसत विचारलं, "ताई, तुमचं शिक्षण किती?"

"बारावी. बाहेरून."

"हो, बाहेरूनच दिसतंय," साहेब म्हणाला, आणि दारातला शिपाई फिसकन हसला.

रागात माणसं भांडी आपटतात, दार आपटतात. भोंग्याने कॉलेजात प्रवेश घेतला.

तिथेही थांबली असती तर ती भोंगा कसली? त्याच संध्याकाळी ती चौकात खोक्यावर चढली आणि साऱ्या वस्तीला ऐकवलं, "पहिल्या वर्षी सगळ्या विषयांत पास झाले नाही, तर हा भोंगा पुन्हा तोंडाला लावणार नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांच्या टाळ्या सगळ्यांत जास्त वेळ चालल्या, हे तिच्या लक्षात यायला काही महिने गेले.

घरात एक अडचण होती. मुलगी त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला.

"आई, एक सांगून ठेवते. कॉलेजात मला हाक मारायची नाही. ओळख दाखवायची नाही."

"का गं? मी काय चोरी केलीये?"

"तू माझी ज्युनियर आहेस."

नवऱ्याला चहाचा ठसका लागला. तो नळदुरुस्तीची कामं करतो आणि दिवसाकाठी मोजकंच बोलतो. ठसका ओसरल्यावर तो एवढंच म्हणाला, "ज्युनियरला डबा कोण करून देणार?"

पहिल्याच दिवशी फाटकावरच्या वॉचमनने तिला अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं."

"मी विद्यार्थी आहे."

"मावशी, सकाळी सकाळी चेष्टा नको."

"मावशी कुणाला म्हणतोस? ओळखपत्र बघ! फोटो बघ! हाच चेहरा आहे की नाही?"

वॉचमनने फोटो बघितला, चेहरा बघितला, पुन्हा फोटो बघितला. "फोटोत शांत दिसताय," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

वर्गात ती हक्काने पहिल्या बाकावर बसली. म्हणजे बसायला गेली. बाक अठरा वर्षांच्या कमरेच्या मापाने शिवलेला, असं तिच्या शिंपी डोक्यात आलं, आणि कारागिराने पुढे सैल करायला शिवणीत दाबही ठेवलेला नव्हता. अर्धी आत, अर्धी बाहेर अशी ती टेकली. तेवढ्यात अर्थशास्त्राचे सर आले. कोवळे होते अगदी. शर्टाच्या बाह्या तळहातावर येत होत्या. दोन बोटं आत दुमडून दिल्या असत्या तर माणूस जरा भारदस्त दिसला असता. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला. मागणी.

भोंग्याचं काळीज सुपाएवढं झालं. आला, आपला विषय आला!

"मागणी म्हणजे काय? कोण सांगेल?"

ती बाकासकट उठली. "मागणी म्हणजे हक्काने मागितलेली गोष्ट. आणि मान्य होईपर्यंत मागे न घेतलेली!"

वर्गाने बाकं बडवली. सरही हसले. "छान. पण अर्थशास्त्रातली मागणी जरा वेगळी. इच्छा हवी, ती पुरी करायला खिशात पैसे हवेत आणि ते खर्चायची तयारी हवी. पैसे नसतील, तर नुसती इच्छा उरते. तिला मागणी म्हणत नाहीत."

पैसे नसतील तर मागणी नाही. हे वाक्य तिच्या कानात शिरलं आणि पुढच्या सगळ्या वाक्यांसाठी आतून कडी लावून बसलं. सर आडवी रेघ काढत होते, उभी रेघ काढत होते, मधून डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी तिसरी रेघ काढत होते. "इतर परिस्थिती कायम असताना, किंमत वाढली की मागणी घटते," ते सांगत होते. पोरं माना डोलावत होती. तिच्या डोक्यात मात्र एकच गिरणी चालू. परिस्थिती कायम? आमच्याकडे सकाळी नळाला असलेलं पाणी दुपारी कायम नसतं! आणि आम्ही उन्हातान्हात घसा फोडला, ती काय नुसती इच्छा होती?

आता हे सगळं सरळ विचारता आलं असतं. "सर, हे मला कळलं नाही, पुन्हा सांगा," एवढंच म्हणायचं होतं. पण हे वाक्य तिने जन्मात कधी वापरलेलं नव्हतं. ते तिच्याकडे नव्हतंच. आयुष्यभर ती टेबलाच्या अलीकडे उभी राहून पलीकडच्याला "तुम्हाला कळत नाही का?" असं विचारत आली होती. न कळण्याचं खातं कायम पलीकडच्याकडे.

म्हणून न कळल्यावर ती जे करते तेच तिने केलं. उभी राहिली.

"सर, पंखा खडखडतो. काही ऐकू येत नाही."

पंखा खडखडत होता हे खरंच होतं. मधल्या सुट्टीत ती प्राचार्यबाईंकडे गेली, आणि आठवड्याच्या आत वायरमन शिडी घेऊन आला. पोरांनी तिला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. "ताई, कॅन्टीनच्या चहाचंपण बघा ना!"

पुढच्या तासाला पुन्हा त्या तीन रेघा. पुन्हा कळेना. "सर, फळ्यावर उजेड पडतो, दिसत नाही." पडदे आले. मग खडू फार बारीक होता. जाड खडू आले. मग सरांचा आवाज मागे पोचत नव्हता. माईक आला. तासाच्या शेवटी सर विचारत, "कुणाला काही प्रश्न?" आणि ती उठून म्हणे, "हो, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही." सर नम्रपणे म्हणत, "मी धड्याबद्दल विचारत होतो."

"आधी कडी," ती म्हणे. कडीही बसली.

घरी तिने ही यशाची यादी नवऱ्याला वाचून दाखवली. तो पान्याला तेल लावत ऐकत होता.

"आणि धडा?" त्याने विचारलं.

"कसला धडा?"

"ज्याच्यासाठी पंखा दुरुस्त केला तो."

"तुम्ही तुमच्या नळांत लक्ष घाला," ती म्हणाली. तो पुन्हा पान्याला तेल लावायला लागला. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर गळती कुठून होतेय हे त्याला पाइप न उघडताही कळत असे.

मग तो भयंकर दिवस उजाडला. पंखा गुपचूप फिरतोय. फळा काळाभोर. खडू अंगठ्याएवढा. सरांचा आवाज माईकमधून शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत. तक्रार करायला जागा म्हणून उरली नाही, आणि ती उतरती रेघ पहिल्या दिवशी होती तशीच समोर उभी. भोंग्याने छत बघितलं, भिंती बघितल्या, खिडक्या तपासल्या. सगळं ठाकठीक. कॉलेज इतकं सुधारलं होतं की तिला लपायला कोपरा राहिला नव्हता.

आठवड्याने चाचणी झाली. प्रश्न होता, "मागणीचा नियम स्पष्ट करा." तिने तीन पुरवण्या जोडल्या. मागण्या वाढल्या की एकी वाढते, एकी वाढली की साहेबाची किंमत घटते, हा आमच्या रस्त्याचा नियम आहे, वगैरे. शेवटी उद्गारवाचक चिन्हांची रांग. वीसपैकी दोन गुण आले. खाली सरांचा बारीक शेरा: "भाषण उत्तम. उत्तर दिसलं नाही."

त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. फेरचाचणीत पास झाल्याशिवाय वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही. म्हणजे वर्ष गेलं. म्हणजे खोक्यावरची प्रतिज्ञा. म्हणजे भोंगा खाली.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात येताच तिने बाकावर मूठ आपटली. "ह्यांचं शिकवणं कुणाला कळतं का? नाही ना? मग बसलात कशाला? चला बाहेर!"

तिच्या हयातीत इतका झटपट मोर्चा निघाला नव्हता. वर्ग बघता बघता रिकामा. तिची छाती फुगली. काय ही एकजूट! मग तिने मागे वळून बघितलं. निम्मी एकजूट कॅन्टीनकडे वळली होती आणि उरलेली फाटकाबाहेर पळाली होती. मागे राहिले दोघं. एक जाड चष्म्याचा मुलगा, आणि एक कायम जांभया देणारी मुलगी.

तेवढ्यात व्हरांड्याच्या त्या टोकाकडून तिची पोरगी आली. स्वतःचाच नियम मोडून सरळ समोर उभी राहिली. "आई, तुमची मागणी काय आहे?"

"सर बदला."

"ते तासावर नेमलेले आहेत, माहितेय तुला? कायमचे नाहीत. एक तक्रार वर गेली की पुढच्या सत्रात त्यांना कुणी बोलावत नाही. संपलं."

रोजंदारीवरच्या सफाईवाल्या बायकांना कामावरून काढलं तेव्हा भोंगाच कचेरीच्या फाटकासमोर ठाण मांडून बसली होती. साहेबाची एक चिठ्ठी आणि माणूस रस्त्यावर, असं कसं चालेल, म्हणून हिनेच गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या.

"पण शिकवतात कुठे नीट?" ती पुटपुटली.

"गेल्या वर्षी आम्हाला हेच होते. आमच्या वर्गाला कळलं."

"म्हणजे मला अक्कल नाही?"

"हे मी नाही म्हटलं हं. हे तू म्हणालीस."

पुढे काही बोलणार तोच शिपाई भोंग्याला आणि त्या दोघांना बोलवायला आला.

प्राचार्यबाईंच्या खोलीत सर एका कोपऱ्यात उभे होते. हातात अजून तो जाड खडू, आणि बाही तळहातावर उतरलेली. बाई म्हणाल्या, "बसा. मी सरळच विचारते. वर्गात कुणालाच कळत नाही, अशी तक्रार आहे?" आणि त्या चष्म्याकडे वळल्या. "तुला कळत नाही?"

"मला कळतं, मॅडम. ताई चला म्हणाल्या म्हणून मी आलो."

"आणि तुला?"

"मला झोप आली होती," जांभई म्हणाली, आणि पुरावा म्हणून एक दिली.

आता सगळे भोंग्याकडे बघायला लागले. तिला दिसत होतं. "हो, तक्रार आहे" असं म्हटलं की सर गेले. मग तिला कळलं नव्हतं हे जगात कुणाला कळणार नव्हतं. किती सोपं! तीनच शब्द. असे हजार शब्द तिने ह्यापेक्षा मोठ्या खोल्यांत फेकले होते.

"मला..." ती म्हणाली. पुढचे शब्द ती ओठातल्या ओठात पुटपुटली.

"काय? ऐकू आलं नाही."

सवयीने तिची नजर वर गेली. बाईंचा पंखा बिलकूल खडखडत नव्हता.

मग ती जे बोलली ते, चष्मा शपथेवर सांगतो, कॅन्टीनपर्यंत पोचलं. "मला एकटीला कळत नाही! पहिल्या दिवसापासून कळत नाही! सरांची चूक नाही! पंख्याचीपण नव्हती!"

कॅन्टीनमध्ये कुणाच्या तरी हातून पेला पडला म्हणतात. हे आता ती स्वतःच सांगते, आणि सांगताना दर वेळी पेल्यांची संख्या वाढवते. दाराबाहेर पोरगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. रडत होती की हसत, ह्यावर मायलेकींचं आजही एकमत नाही.

दुपारी रिकाम्या वर्गात सर तिच्या शेजारच्या बाकावर बसले. "आता सांगा. चेन बदलायचे दर तुम्ही उद्या दुप्पट केलेत तर?"

"गिऱ्हाईक येईल का? पिना लावून हिंडतील लोक."

"सगळे?"

"नाही. अडलेले येतील. बाकीचे पळतील."

सरांनी तिच्या वहीतल्या त्या उतरत्या रेघेवर बोट ठेवलं. "झालं. ही रेघ म्हणजे पळालेले लोक."

ती रेघेकडे बघत राहिली. "एवढंच? एवढ्यासाठी मी माईक मागवला?"

"आणि पडदे," सर म्हणाले.

"हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना!"

"सांगितलं होतं. शिंप्याचंच उदाहरण दिलं होतं. तुम्ही तेव्हा पंख्याबद्दल बोलत होता."

हे तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. पण ती भोंगा होती. तिने मान वर केली. "बरं, मग ज्याच्या खिशात काहीच नाही, पण वस्तू तर हवीये, तो ह्या चित्रात कुठे आहे?"

"ह्या चित्रात तो नाही."

"का नाही?"

सरांनी खडू बोटांत फिरवला. मग सहज, चहाला साखर कमी आहे असं सांगावं तसं म्हणाले, "खरं सांगू? हे मला नीट सांगता येत नाहीये. वाचून येतो, उद्या बोलू."

तिने चमकून त्यांच्याकडे बघितलं. ना भिंत पडली, ना छत. शिकलासवरला माणूस "येत नाही" म्हणाला आणि नंतर शांतपणे शर्टावरची खडूची भुकटी झटकत बसला. त्या दिवशी घरी जाताना ती सरांच्या दोन्ही बाह्यांचं माप घेऊन गेली.

फेरचाचणीत ती काठावर पास झाली. वार्षिक परीक्षेत अर्थशास्त्र सुटलं, भाषा सुटल्या, इतिहाससुद्धा सुटला. दांडी उडाली ती समाजशास्त्रात.

हो, समाजशास्त्रात! त्या पुस्तकाला तिने वर्षभर हात लावला नव्हता. "मला समाज शिकवणार? मीच समाज आहे!" आणि प्रश्नपत्रिकेवर लिहिलं होतं, "खालीलपैकी कोणतेही चार प्रश्न सोडवा." खालचे प्रश्न तिला पटले नाहीत. प्रश्न सोडवण्यात तर तिचा हातखंडा. तेव्हा तिने स्वतःचे चार घेतले. पाणी, गटार, रस्त्यावरचे दिवे, घरांची जागा. चारही सोडवले, कुठल्या साहेबाला कसं वाकवलं त्यासकट.

निकालाच्या संध्याकाळी ती पुन्हा खोक्यावर चढली. "मी समाजशास्त्रात नापास झाले," तिने शेवटचं भोंग्यातून सांगितलं. गर्दीत एकदम कालवा. "मुद्दाम पाडलं असणार, ताई! उद्याच कॉलेजवर मोर्चा नेऊ!"

तिने भोंगा तोंडावरून काढला. "खबरदार," ती म्हणाली. "पेपर तपासणाऱ्या बाईंची काही चूक नाही. मला कळलं नाही." ह्या वेळी आवाज साधाच निघाला. पुढच्या दोन ओळींना ऐकू आला, मागच्यांनी एकमेकांना विचारून घेतला. मग ती खाली उतरली, घरी गेली आणि भोंगा कपाटावर ठेवला. नवऱ्याने वर बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि उठून स्वतः चहा टाकला.

तेव्हा तुम्हाला एक विनंती आहे. फेरपरीक्षेला अजून अवकाश आहे, आणि चौकातला दिवा पुन्हा गेलाय, गटार पुन्हा तुंबलंय. भोंगा कपाटावर पडून आहे, त्याचे सेल मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली आहेत. तुमच्यापैकी कुणीतरी या आणि घेऊन जा. साहेबाच्या टेबलापुढे वाजवा, पण तिच्या दारात नको, आत ती वाचतेय. आणि आलात की ती पुस्तक पुढे करून एखादा परिच्छेद विचारेल. कळत असेल तर समजावून सांगा. नसेल कळत, तर कृपा करून मान डोलावू नका.